थोरल्याची नारंगी बॅग

बॅग उचलायच्या आधीच थोरला कण्हला, आणि आपण जरा लवकरच कण्हलो हे त्याच्या लगेच लक्षात आलं. म्हणून बॅग पाठीवर चढवताना त्याने आणखी एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने कण्हून घेतलं.

"अहो, हळू," बायको धावत आली. "कुणी सांगितलंय एवढं एकट्याने ओढायला? द्या थोडं इकडे."

"राहू दे गं. सवय आहे."

हे शेवटचे दोन शब्द त्याने म्हाताऱ्याला ऐकू जातील अशा बेताने म्हटले. म्हातारा, म्हणजे त्याचा बाप, तंबूच्या दोऱ्या गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही, पण हुंकार दिला. तेवढा हुंकार थोरल्याला दिवसभर पुरायचा.

बॅग नारंगी होती आणि कपाटाएवढी होती. पाचही बॅगांत सगळ्यात मोठी. तिच्यात एक पांघरूण होतं, दोन सदरे होते आणि बाकी सगळी हवा होती. हवा म्हणजे अशी तशी नाही, पद्धतशीर भरलेली हवा. काचसामानाच्या खोक्यात धक्का बसू नये म्हणून ज्या फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या घालतात ना, त्या. लोकांची घरंच्या घरं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणाऱ्या या कुटुंबात अशा पिशव्यांना तोटा नव्हता. आणि त्या कशा रचल्या की बॅग बाहेरून ठासून भरल्यासारखी दिसते, हे थोरल्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

मग गॅसची टाकी, भांडी, खाण्याचे डबे, तंबूच्या लोखंडी मेखा हे सगळं होतं कुठे? ते होतं घड्याळजींच्या बॅगेत.

घड्याळजी म्हणजे थोरल्याच्या बहिणीचा, धाकटीचा नवरा. लग्नाआधी घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू उचलायचे. दुकान बसलं तेव्हा म्हाताऱ्याने त्यांना धंद्यात घेतलं, तर थोरला पोट धरधरून हसला होता. "आता हा कपाटं उचलणार? चिमट्याने?" पण वर्षभरात झालं असं, की सामानाची फूटतूट निम्म्यावर आली आणि गिऱ्हाइकं फोनवर विचारायला लागली, "ते हळू बोलणारे गृहस्थ येतील का? मागच्या वेळी आले होते ते?" तेव्हापासून थोरल्याचं हसणं बंद झालं. त्यात म्हाताऱ्याने गावाबाहेर नवं गोदाम घेतलं. ते कुणाच्या हाती द्यायचं, हे तो सांगेना.

सांगेना, आणि ही सहल काढली. म्हणे आयुष्यभर दुसऱ्यांचे फ्रीज जिन्यावरून चढवले, एकदा आपलं स्वतःचं सामान कुठेतरी चढवावं. गवताच्या डोंगरांची ही लांबच लांब रांग त्यानेच निवडली. झाड नाही, घर नाही, एका माथ्यावरून उतरायचं की पुढचा माथा समोर हजर. निघताना सगळ्यांना उभं करून तो म्हणाला होता, "चालताना माणूस कळतो. शेवटच्या माथ्यावर गोदामाचं सांगीन."

थोरल्याने तिथेच घड्याळजींच्या बॅगेकडे पाहिलं होतं.

बाकी सगळं त्या घरच्या नियमामुळे जमलं. नियम असा, की सामान ज्याने बांधलं त्यानेच ते सोडायचं. मधे कुणी गाठीला हात लावायचा नाही. एकाने बांधलं आणि दुसऱ्याने सोडलं, की फुटलेल्या आरशाचा बाप सापडत नाही, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. बांधणारा अर्थात थोरला. रोज सकाळी पाचही बॅगा तो एकटा भरायचा, रोज संध्याकाळी तंबूमागे नेऊन तोच सोडायचा, आणि हातात गॅसची टाकी घेऊन घाम पुसत असा बाहेर यायचा, की जणू ती त्याच्याच पाठीवरून आली.

पहिल्या दिवशी त्याला ही नुसती गंमत वाटली होती. एक दिवस घड्याळजींचा घाम काढू, उद्या वजन सारखं करू. पण त्या दिवशी घड्याळजी इतके मागे पडले की उद्या सारखं केलं असतं तर ते एकदम टणाटण चालायला लागले असते आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच. आणि खरं सांगायचं तर थोरल्याला सगळ्यांच्या पुढे चालायला फार आवडायला लागलं होतं.

"दादा, निघूया का?" घड्याळजी आले. पाठीवर त्यांची ती साधी करडी बॅग. पट्ट्यांखाली धाकटीने मोजे दुमडून घातले होते, कारण खांद्याची कातडी सोलून निघाली होती. "आज मी मागे नाही राहणार, बघा. काल फार थांबावं लागलं तुम्हाला. मलाच कसंतरी वाटलं."

"तसं काही नाही हो," थोरला जमिनीकडे बघत म्हणाला. "होतं असं नवीन माणसाला."

"नाही, पण तुमच्या पाठीवर ते एवढं धूड बघतो ना, मग माझी जड म्हणायची लाज वाटते."

थोरल्याच्या कानशिलांपर्यंत ऊन चढलं. सूर्य अजून नीट वर आला नव्हता.

*

चढ सुरू झाला. गवत गुडघ्याएवढं, आणि वारा असा की सगळा डोंगर एका अंगावर झोपल्यासारखा दिसत होता. थोरला सर्वांत पुढे. चालताना दर थोड्या वेळाने कमरेवर हात ठेवायचा, मान हलवायची, सुस्कारा टाकायचा, हे सगळं आता त्याच्या अंगवळणी पडलं होतं. त्याच्यामागे म्हातारा, मग बायको आणि धाकटी. घड्याळजी तिथेच होते, म्हणजे जिथे काल होते तिथेच, खाली, एका ठिपक्याएवढे.

"बघा बाई, हे कसे चालतात," बायको म्हणाली. "त्या एवढ्या बॅगेसकट! आणि काही लोकांना एवढीशी झेपत नाही."

"वहिनी, काही लोकांना नावं आहेत," धाकटी म्हणाली.

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

"घ्यायची गरजच काय, अख्ख्या डोंगरावर मागे एकच माणूस आहे."

"अगं, मी कौतुक करतेय माझ्या नवऱ्याचं. तू कर की तुझ्याचं."

"करीन. तोंडात श्वास उरला की करीन."

म्हातारा थांबला. त्याने मागे वळून खालच्या ठिपक्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"काल ठेचकाळला का गं तो?" त्याने धाकटीला विचारलं.

"नाही. वजनाची सवय नाही त्यांना. ते स्वतःच म्हणतात ना."

"हं. सवय," म्हातारा म्हणाला. "गोदामात रोज कमीत कमी चार ट्रक उतरायचे."

धाकटीचा चेहरा उतरला. तिने भावाकडे पाहिलं. लहानपणी कुणी मारलं की याच नजरेने पाहायची, आता तू काहीतरी बोल म्हणून. थोरल्याने बॅगेचा पट्टा घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

"दादा, तू सांग ना बाबांना. सामान उचलणं म्हणजेच सगळं असतं का? गेल्या वर्षात यांच्या हातून एक ग्लास फुटलाय का?"

"नाही फुटला," थोरला म्हणाला. एवढं खरं बोलल्यावर त्याला जरा बरं वाटलं, म्हणून तो पुढे म्हणाला, "पण बाबा म्हणतात तेही बरोबर आहे."

धाकटी वळली आणि उतरायला लागली, नवऱ्याकडे. खाली पोचून तिने त्यांच्या बॅगेला मागून हात लावून ढकलत आणलं. दोन माणसं मिळून एक हातगाडी चढवताहेत असं वरून दिसत होतं. थोरल्याने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि पुढचा अख्खा चढ त्याने तिकडेच बघत काढला.

"पाय दुखतायत का तुमचे?" बायकोने विचारलं. "तोंड का असं झालंय?"

"ऊन लागतंय."

"संध्याकाळी चेपून देते खांदे. रोजच्यासारखे."

"नको आज."

"नको काय? लाकडासारखे कडक झालेत."

ते कशाने कडक झाले होते हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं. हवेने भरलेली बॅग जड आहे असं दाखवत दिवसभर खांदे वर धरून ठेवायचे म्हणजे काही सोपं काम नसतं.

*

माथ्यावर पोचले तेव्हा वाऱ्याने कहर केला होता. बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. सगळ्यांनी बॅगा उतरवल्या. थोरला नेहमीप्रमाणे आपल्या बॅगेवर बसला. विसाव्याला तो कायम बॅगेवरच बसायचा, आणि बूड पूर्ण न टेकता, मांड्यांवर भार घेऊन, नाहीतर खालून फुस्स आवाज यायचा.

घड्याळजी आले ते गवतात आडवेच झाले. धाकटीने त्यांच्या खांद्यावरचे मोजे काढले. एका मोज्याला रक्त लागलं होतं. तिने तो झटकन मुठीत लपवला. तिला वाटलं कुणी पाहिलं नाही.

"ए, सगळे इकडे या," म्हातारा ओरडला. तो कड्याच्या बाजूला दगडावर फोन टेकवून उभा होता. "फोटो काढू. घड्याळ लावलंय यात, आपोआप निघतो. लवकर!"

"मी इथूनच येतो फोटोत," थोरला बसल्या जागेवरून ओरडला.

"तिथून तुझं डोकं तेवढं येतंय. ये इकडे!"

"सामान आहे ना, बाबा."

"सामान काय पळून जातंय का? ऊठ!"

सगळे रांगेत उभे राहून त्याच्याकडे पाहत होते. थोरला उठला. बॅगेवर एक दगड ठेवावा म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं, पण एवढ्या जड बॅगेवर दगड ठेवणाऱ्या माणसाला लोक काय म्हणाले असते? तो गेला. म्हाताऱ्याशेजारी उभा राहून त्याने दात दाखवले.

फोटो निघाला. तो आजही त्यांच्या घरात आहे. त्यात चौघं कॅमेऱ्याकडे पाहून हसताहेत आणि थोरला मान पूर्ण वळवून मागे पाहतोय.

कारण बॅग हलली होती. आधी नुसती कलली. मग विचार करत असल्यासारखी जागच्या जागी फिरली. मग उठली आणि निघाली.

"बॅग!" म्हातारा ओरडला. "थोरल्याची बॅग! अरे, गॅस त्याच्यात, डबे त्याच्यात!"

नारंगी बॅग उतारावरून टप्पे खात सुटली. गवतावर टेकायची, पुन्हा उडायची, टेकायची, उडायची. थोरल्याचे पाय जागच्या जागी रुतले. पळून पकडावी तर लोकांसमोर एका बोटाने उचलावी लागणार, न पकडावी तर आज सगळे उपाशी, असं लोकांना वाटणार. डोक्यात हे चालू असतानाच शेजारून कोणीतरी सपकन गेलं. घड्याळजी! आत्ता जमिनीवर मेल्यासारखा पडलेला माणूस बाण सुटावा तसा सुटला होता. "मी आणतो, दादा! तुम्ही दमलायत!"

"अहो, राहू द्या! जाऊ द्या ती!" थोरला किंचाळला. वाऱ्याने ते सगळं उलट्या दिशेला नेलं.

घड्याळजी पडले, गडगडले, उठले, परत धावले. बॅग खाली खळग्यात पोचली. तिथे ती थांबेल असं सगळ्यांना वाटलं. थांबली नाही. समोरचा छोटा चढ होता, तो ती चढायला लागली.

"अगं बाई," बायको म्हणाली. "वारा तरी केवढा!"

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. चाळीस वर्षं ज्या माणसाने सामान वर चढताना पाहिलं होतं, त्याने ते आपापलं चढताना आज पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटी घड्याळजींनी झेप घेतली आणि बॅगेला मिठी मारली. दोघं गवतात लोळले. मग ते उठून उभे राहिले. त्यांनी पट्टा धरून बॅग उचलली.

इतक्या लांबूनही थोरल्याला दिसलं. हात जोरात वर गेला, गरजेपेक्षा कितीतरी वर. वजन उचलायच्या तयारीने गेलेला हात हवा घेऊन डोक्याच्याही वर गेला. घड्याळजी तसेच उभे राहिले. त्यांनी बॅग खाली केली. पुन्हा उचलली, हळू. मग त्यांनी वर पाहिलं. नेमकं थोरल्याकडे पाहिलं का ते सांगता येणार नाही, पण थोरल्याला दुसरीकडे कुठे बघायला जागा उरली नाही.

आता हा तिथूनच ओरडणार, थोरल्याला वाटलं. ओरडू दे. लवकर ओरडू दे.

घड्याळजी ओरडले नाहीत. त्यांनी बॅग पाठीवर घेतली. कमरेत वाकले. आणि एक एक पाऊल टाकत, गुडघ्यावर हात टेकत, मधे थांबून धापा टाकत चढायला लागले. थोरल्याने ती चाल ओळखली. कमरेवर हात, मान हलवणं, सुस्कारा. त्याचीच होती, हुबेहूब, आणि तिच्यात त्याच्या स्वतःच्या चालीपेक्षा जास्त जीव होता.

वर पोचल्यावर त्यांनी बॅग अगदी जपून खाली ठेवली आणि पाय पसरून तिच्यावर बसले. बूड पूर्ण न टेकता.

"बाप रे, दादा," ते म्हणाले. "काय वजन आहे हो. रोज कसं नेता तुम्ही?"

थोरल्याच्या चारचौघांत थोबाडीत मारली असती तर गाल तेवढा जळला असता. हे सगळीकडे जळत होतं.

"बघा!" बायको खुशीत म्हणाली. "आता पटलं ना?"

"बघितलंत, जावईबुवा?" म्हातारा सावकाश म्हणाला. "एवढ्याशा चढाला तुमची ही गत. आमचा थोरला हेच घेऊन पुढे चालतोय. गोदामाचं शेवटच्या माथ्यावर सांगायचं ठरवलं होतं, पण आता कशाला थांबायचं? सांगूनच टाकतो." आणि जावयाशी बोलताना तो पाहत मात्र होता थोरल्याकडे. "काय रे? सांगू ना?"

म्हाताऱ्याला कळलं होतं की नव्हतं? हे थोरल्याला पुढे कधीच कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

हो म्हटलं की संपलं. गोदाम हातात. घड्याळजी जन्मात कुणाला सांगणार नाहीत, हे त्यांनी आत्ताच चढून दाखवलं होतं. थोरल्याने तोंड उघडलं. समोर धाकटी उभी होती आणि तिची एक मूठ अजून मोज्याभोवती आवळलेली होती.

"बाबा," तो म्हणाला, "यांची बॅग उचला."

"कुणाची?"

"घड्याळजींची. ती करडी. उचला एकदा."

"दादा, जाऊ द्या ना," घड्याळजी घाईने म्हणाले. "बाबा, उशीर होतोय, निघूया का?"

म्हातारा गेला आणि त्याने करड्या बॅगेच्या पट्ट्यात हात घातला. उचलली. त्याच्या हातांनी उभ्या जन्मात वजनाचा अंदाज चुकवला नव्हता. तो तसाच उभा राहिला. मग आला, जावयाला बाजूला व्हायची खूण केली, आणि दुसऱ्या हाताने नारंगी बॅग उचलली.

एक खांदा जमिनीकडे ओढलेला आणि दुसऱ्या हातातली बॅग वाऱ्यावर फडफडतेय, असा तो माथ्याच्या मधोमध उभा होता. समजायला वेळ लागला नाही कुणाला.

सगळ्यांत आधी धाकटी बोलली. "दादा?" एवढंच. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

बायको रागावली, पण भलत्याच गोष्टीवर. "आणि मी रोज खांदे चेपत होते!" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वर तिला टोमणे मारले तुमच्या जिवावर. काय तोंड दाखवू मी आता तिला?" ती धाकटीजवळ जाऊन उभी राहिली. धाकटीने सरकून तिला जागा दिली.

"बाबा, मी..." थोरला म्हणाला.

"बांधलंस छान," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, कामावर एखाद्या कामगाराला सांगावं तसा. "बाहेरून कुणाला कळलं नसतं. हे मीच शिकवलं तुला." त्याने करडी बॅग थोरल्याच्या पायाशी ठेवली आणि नारंगी जावयाकडे दिली. "गोदाम जावयाकडे. चला."

कुणी अभिनंदन केलं नाही. घड्याळजींनी तर मान खाली घातली होती, चोरी पकडली गेल्यासारखी.

*

करडी बॅग पाठीवर घेतल्यावर थोरला कण्हला नाही. ज्याला खरंच लागतं त्याला कण्हायला हवा पुरत नाही, हे त्याला पहिल्या शंभरेक पावलांतच समजलं. मेखांची टोकं बरोबर माकडहाडावर टोचत होती. त्या तशा टोचतील अशा त्यानेच भरल्या होत्या.

पुढे म्हातारा, त्याच्यामागे दोघी जणी, एकमेकींशी हळू आवाजात बोलत. मागे वळून कुणी बघत नव्हतं. थोरल्याला ते बरंच वाटलं. त्याला एकटं मागे राहायचं होतं, पण तेवढंही नशिबात नव्हतं. घड्याळजी त्याच्याबरोबर रेंगाळत होते.

"तुम्ही पुढे व्हा ना," थोरला धापा टाकत म्हणाला. "आता तर हलकी आहे तुमची."

"हो. म्हणूनच," घड्याळजी म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. वाट आता धारेवरून जात होती, दोन्ही बाजूंना गवत सरळ खाली घसरत गेलेलं. "दादा, रागावणार नाही ना? मला उंचीची भयंकर भीती वाटते. धाकटीला पण सांगितलं नाही मी. पाठीवर ते वजन होतं ना, तेव्हा निदान उडून तरी जाणार नाही असं वाटायचं."

थोरला थांबला. "म्हणजे तुम्ही मागे..."

"मी मागेच राहणार होतो हो. बॅग नसती तरी. पुढे चालायची माझी छाती नव्हतीच."

थोरल्याने डोळे मिटून घेतले. एवढा सगळा उपद्व्याप त्याने केला होता तो ज्या माणसाला मागे ठेवायला, तो आपण होऊनच मागे राहणार होता. यावर हसावं की कड्यावरून उडी टाकावी हे त्याला ठरवता येईना, आणि दोन्हीला लागणारा दम त्याच्याकडे नव्हता.

एवढ्यात वाऱ्याचा झोत आला. नारंगी बॅग फुगली आणि घड्याळजी दोन पावलं आडवे गेले. त्यांनी "आई गं" म्हणत थोरल्याच्या बॅगेचा पट्टा मागून पकडला, दोन्ही हातांनी.

"धरू का जरा?" त्यांनी धरल्यावर विचारलं.

"धरा."

थोरला पुढे वाकला आणि चालायला लागला. पाठीवर सगळ्या घराचं सामान, आणि मागे लोंबकळणारा जावई. खांद्याची कातडी निघायला लागल्याचं त्याला समजत होतं. त्याने पट्ट्याखाली काही घातलं नाही.

"दादा," मागून आवाज आला.

"बोला."

"ते नवं गोदाम मी पाहिलं नाही अजून. तळमजल्यावरच आहे ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. निदान हा वारा असेपर्यंत तरी म्हणायला काय हरकत होती? थोरल्याने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"तिसऱ्या मजल्यावर," तो म्हणाला.

"लिफ्ट?"

"नाही."

मग पट्टा आणखी जोरात ओढला गेला, आणि थोरला आणखी खाली वाकला.